डोकं ज्याचं त्याचं

मालवणात डोक्याला धोका असतो तो वरून. तारकर्लीहून देवबागकडे निघालं की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रस्ता, घरं आणि माड. माडाच्या शेंड्याला नारळांचे घोस लटकलेले असतात. खाली पोरं क्रिकेट खेळतात, म्हातारी पडवीत कोलंबी सोलत बसते, पर्यटक बुंध्याला पाठ टेकून फोटो काढून घेतात. पुण्या-मुंबईच्या माणसाचं मध्येच वर लक्ष जातं आणि तो हळूच दोन पावलं बाजूला सरकतो. घरमालक हसतो आणि म्हणतो, ‘‘घाबरू नको. माडाक डोळे आसत.’’ नारळ खाली माणूस नाही ना ते बघूनच पडतो, यावर या किनाऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे.

शास्त्राचा तो नाही. पीटर बार्स नावाच्या डॉक्टरांनी पापुआ न्यू गिनीतल्या एका इस्पितळात चार वर्षांत जखमी होऊन दाखल झालेल्या रुग्णांचे कागद चाळले, तेव्हा त्यांतल्या अडीच टक्के लोकांना नारळ लागलेला निघाला. 1984 साली त्यांनी तो निबंध छापला आणि 2001 साली त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. पुढे कुणीतरी या निबंधाला शेपूट जोडलं आणि जगात दर वर्षी 150 माणसं नारळ पडून मरतात, शार्कपेक्षा नारळ भयंकर, असा आकडा फिरू लागला. त्याला बूड नाही. पण बूड नसलेला आकडा जास्त लांब जातो. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये बराक ओबामा मुंबईत मणिभवन बघायला येणार होते, तेव्हा आवारातल्या माडांवरचे नारळ आधीच उतरवून घेतले गेले. अमेरिकी सुरक्षा यंत्रणेचा माडाच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

एका डोक्यावरून इतकं रामायण होऊ शकतं हे आधी लक्षात घेतलं, म्हणजे सायकलच्या हेल्मेटवरून रविवारी सकाळी मालवणाजवळच्या चौके किंवा कट्टा या गावांतल्या टपरीवर काय पेटत असेल याचा अंदाज येतो.

गेल्या काही वर्षांत सिंधुदुर्गात सायकलीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला, सगळीकडे डॉक्टर, शिक्षक, बँकेतली माणसं, हॉटेलवाले भल्या पहाटे गिअरच्या सायकली घेऊन बाहेर पडतात. थंडीच्या दिवसांत त्यांच्यात पुण्या-मुंबईकडच्या टोळ्यांची भर पडते. त्यांना सागरी महामार्गाने गोवा गाठायचा असतो. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, परुळे, वेंगुर्ला, शिरोडा, रेडी असा तो रस्ता. नकाशावर समुद्राला चिकटलेला दिसतो म्हणून माणूस सपाटीच्या आशेने येतो, आणि प्रत्येक खाडीला उतार, खाडी संपली की चढ, या हिशेबाने दिवसाला अर्धा सह्याद्री चढून जातो. या सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. त्याच रस्त्यावर पहाटे पों-पों करत जाणारा पाववाला असतो, शाळेला निघालेल्या मुली असतात, मासे आणायला निघालेला एखादा आजोबा असतो. त्यांच्या डोक्यावर अनुक्रमे काही नाही, दोन वेण्या आणि टॉवेल.

वाद सुरू व्हायला एवढं पुरतं.

कायद्याचं म्हणाल तर तो या वादात नाहीच. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 129 हेल्मेटबद्दल बोलतं ते मोटारसायकलवाल्यांशी. चार वर्षांवरच्या प्रत्येकाने घालायचं, पगडी बांधणाऱ्या शिखाला सूट. सायकल ही त्या कायद्याच्या लेखी मोटार वाहन नाही. तिला इंजीन नाही, नंबर नाही, परवाना नाही. सायकलवाल्याचा आणि हवालदाराचा संबंध एके काळी होता तो रात्री दिवा नसण्यावरून आणि डबल सीटवरून. दंडाला पैसे नसले की हवालदार सरळ चाकातली हवा सोडायचा, ही शिक्षा आजच्या साठीतल्या पुष्कळ पुरुषांनी भोगलेली आहे. पण डोक्यावर काय आहे हे तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा आज सायकलवाल्याला हेल्मेट घाल म्हणणारा माणूस पोलीस नसतो, आरटीओ नसतो, दुसरा सायकलवाला असतो. पोलिसाचं सांगणं ऐकून सोडून देता येतं, मित्राचं सांगणं जिव्हारी लागतं.

टपरीवर साधारण असं होतं. तीस-चाळीस किलोमीटर मारून आलेली मंडळी चहा, उसळपाव आणि कांदाभजी सांगतात. सायकली भिंतीला टेकवल्या जातात, हेल्मेटं बाकड्यावर ओळीने मांडली जातात. त्या ओळीत एक कमी असतं. ज्याचं नसतं तो गटातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात तंदुरुस्त माणूस असतो, ही अडचण. मग कुणीतरी सहज म्हणून विषय काढतो: ‘‘सर, तुम्ही हेल्मेट नाय घालीत?’’ सर भजी खात उत्तर देतात: ‘‘आमची डोकी घट आसत.’’ तिथून पुढे चहा दोनदा येतो.

पहिला साक्षीदार तुटलेल्या हेल्मेटवाला. याने आपलं चिरफाळलेलं हेल्मेट घरी शोकेसमध्ये गणपतीच्या फोटोशेजारी ठेवलेलं असतं आणि त्याचा फोटो फोनमध्ये कायम हाताशी असतो. ‘‘हे बघा. हे फुटलं म्हणून डोकं फुटलं नाही.’’ त्यावर दुसरा म्हणतो की अंडं फुटतं म्हणून ते कवच ठरत नाही. तिसरा म्हणतो, डच लोकांकडे बघा, अख्खा देश सायकलवर आणि हेल्मेट शोधून सापडत नाही. चौथा म्हणतो, आधी वाळूच्या डंपरवाल्यांना आवरा, मग आमच्या डोक्यांकडे या. पाचवा म्हणतो की डोकं तर बाथरूममध्ये घसरूनही फुटतं, मग आंघोळीला घालायचं काय? हा पाचवा प्रत्येक गटात असतो आणि त्याला वाटतं हा मुद्दा जगात त्यालाच पहिल्यांदा सुचला.

बाकड्यावरची ती वस्तू कुणी हातात घेऊन बघत नाही. वरून चकचकीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, आत थर्माकोल. आपल्या ओळखीचाच, फक्त दाणे अधिक घट्ट दाबलेले. हनुवटीखालच्या पट्ट्यांवर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेषा, आतल्या स्पंजच्या गाद्यांतली एक हमखास हरवलेली, आणि कोकणातला पावसाळा काढलेलं हेल्मेट असेल तर उरलेल्या गाद्यांवर हिरवट बुरशी. जुलैत पडवीत खुंटीला टांगलेलं हेल्मेट ऑगस्टमध्ये काढलं तर त्यात झुरळाचा संसार निघण्याची शक्यता अपघाताच्या शक्यतेपेक्षा नक्की जास्त. मागच्या बाजूला एक बारीक चिकटपट्टी असते, तिच्यावर ईएन 1078 असं छापलेलं. ते युरोपातलं मानक. त्यासाठी धातूचं नकली डोकं हेल्मेट घालून साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडावर आपटतात. वेग भरतो ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सायकलवरून कलंडून डोकं रस्त्याला लागलं, तर थर्माकोल दबतो, फुटतो आणि कवटीला थांबायला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात. तेवढ्या सहस्रांशांचे पैसे आपण मोजतो. डंपरशी सामना करायला ती वस्तू केलेलीच नाही, आणि केली आहे असं तिच्या पेटीवर कुठे लिहिलेलंही नसतं.

(महाराष्ट्र सरकारने 2018 साली थर्माकोलवर बंदी आणली आणि गणपतीची थर्माकोलची मखरं गेली. देवाच्या डोक्यावरचा थर्माकोल गेला आणि भक्ताच्या डोक्यावर आला, हे टपरीवरचं वाक्य दाद घेऊन जातं, पण त्याने काही सिद्ध होत नाही.)

हेल्मेटच्या बाजूने सगळ्यात मोठा तोफगोळा म्हणजे 85 टक्के. अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी 1989 साली छापलं की हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका 85 टक्क्यांनी घटतो. तेव्हापासून हा आकडा सायकलच्या जगात आरतीसारखा म्हटला जातो. नंतरच्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आकडा खाली आला, तरी डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता दोन-तृतीयांशाच्या आसपास कमी होते, इतकं उरलंच. हे थोडं नाही. पडल्यावर डोक्याला हेल्मेट असलेलं बरं, हे आता जवळपास सगळेच मानतात, न घालणारेसुद्धा. सरसुद्धा. मग भांडण उरतं कशावर?

ते बघायला ऑस्ट्रेलियात जावं लागतं. तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने 1 जुलै 1990 ला सायकलवाल्यांना हेल्मेटसक्ती केली, जगात पहिल्यांदा. बाकीची राज्यं दोनेक वर्षांत मागोमाग आली, 1994 च्या पहिल्या दिवशी न्यूझीलंडही आलं. इस्पितळात डोकं फुटून येणारे सायकलवाले कमी झाले. सरकारने टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी चौकात उभं राहून मोजलं, तर सायकलवालेच कमी झालेले. विशेषतः शाळकरी मुलं. केस विस्कटतात म्हणून पोरांनी सायकल सोडली आणि आईच्या मोटारीतून शाळेला जाऊ लागली. तेव्हापासून आजपर्यंत दोन्ही पक्ष तेच आकडे घेऊन एकमेकांना मारतायत. पुढे 2010 साली मेलबर्नने भाड्याच्या सार्वजनिक सायकली आणल्या, तेव्हा हेल्मेटची पंचाईत झाली. फिरायला निघालेला माणूस खिशात हेल्मेट घेऊन निघत नाही. मग 5 डॉलरची स्वस्त हेल्मेटं दुकानांतून विकायला ठेवली. तरी सायकली उभ्याच राहिल्या आणि 2019 मध्ये योजना गुंडाळली. मेक्सिको सिटीला त्याच 2010 साली हाच प्रश्न पडला होता. त्यांनी हेल्मेटचा कायदाच गुंडाळला आणि सायकली ठेवल्या.

म्हणजे टपरीवर एकाच बाकड्यावर बसून दोन वेगवेगळे प्रश्न सोडवले जात असतात. एक विचारतो, मी पडलो तर काय? दुसरा विचारतो, सगळ्यांना घालायला लावलं तर किती जण सायकल सोडतील? पहिल्याचं उत्तर डॉक्टरकडे आहे, दुसऱ्याचं चौकात मोजणी करणाऱ्याकडे. दोघांची उत्तरं बरोबर असू शकतात, आणि दोघेही समोरच्याला मूर्ख समजतात. हा प्रकार घरात पंखा एकवर ठेवायचा की पाचवर यावरच्या भांडणासारखा आहे, एकाला उकडतं आणि दुसऱ्याला वारा लागतो.

संशोधक काही टपरीवाल्यांपेक्षा वेगळे नसतात, याचा सगळ्यात देखणा पुरावा इयन वॉकर. तेव्हा इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात असलेला हा मानसशास्त्रज्ञ. मोटारवाले सायकलला ओलांडताना किती अंतर ठेवतात, हे मोजायचं त्याच्या डोक्यात आलं. सायकलला अंतर मोजणारं यंत्र बसवून तो ब्रिस्टल आणि सॉल्सबरीच्या रस्त्यांवर फिरला, अर्धा वेळ हेल्मेट घालून, अर्धा वेळ न घालता. दोन हजारांहून जास्त गाड्या त्याला ओलांडून गेल्या. हिशेब निघाला असा की हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून जात. त्याने काढलेला अर्थ: हेल्मेटवाला म्हणजे पक्का सायकलपटू, हा काही धडपडायचा नाही, घ्या दामटून. या प्रयोगात त्याला एकदा बसने आणि एकदा ट्रकने धडकही दिली. दोन्ही वेळी डोक्यावर हेल्मेट होतं.

याच्यावर न थांबता त्याने लांब केसांचा टोप चढवला, म्हणजे मागून बाई वाटावी. गाड्यांनी 14 सेंटिमीटर जास्त अंतर सोडलं.

सिंधुदुर्गाला या निष्कर्षात केवढी संधी आहे, हे अजून जिल्हा नियोजन समितीच्या लक्षात आलेलं नाही. इथे जत्रांच्या दिवसांत गावोगाव रात्रभर दशावतार रंगतो, आणि त्यातला स्त्रीपार्टी नट लांब केसांचा टोप, लुगडं, गजरा असा साज चढवून उजाडेपर्यंत उभा असतो. वॉकरचं गणित खरं धरलं तर पहाटे त्याच साजात सायकलवरून घरी निघालेला हा नट म्हणजे कोकणातला सगळ्यात सुरक्षित सायकलस्वार. दशावताराच्या पेटाऱ्यात असे टोप भरपूर असतात. हेल्मेटपेक्षा हवेशीर, आणि बुरशीही कमी धरत असतील.

अर्थात वॉकरलाही कुणी सोडलं नाही. 2013 साली दोन ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञांनी त्याचेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हटलं की खरोखर धोकादायक, एक मीटरच्या आतून जाणाऱ्या गाड्या बघितल्या तर हेल्मेटचा काही फरक दिसत नाही. वॉकरने 2019 साली त्याला लेखी उत्तर दिलं. 2007 चा निबंध, 2013 चा आक्षेप, 2019 चा प्रतिआक्षेप. टपरीवर हेच तासाभरात उरकतं आणि भजी गरम असतात, एवढाच काय तो फरक.

मराठी माणसाला हेल्मेटच्या वादात आकड्यांची गरज तशी कमीच पडते, कारण त्याच्याकडे पुणे आहे. 2016 च्या जुलैत राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली, आणि काही आठवड्यांत ती सैल पडली. पेट्रोल पंपवाल्यांना गिऱ्हाइकाच्या डोक्याची चौकशी करण्यात रस नव्हता. मग 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात पोलिसांनी दुचाकीवाल्यांना हेल्मेटसक्ती जोरात लागू केली. त्याच आठवड्यात पुणेकरांनी हेल्मेट न घालता मोर्चा काढला. काही जणांच्या डोक्यावर चक्क पुणेरी पगडी. हिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा ती ‘प्रमाणित’ नाही असं म्हणायचीही सोय नाही. आणि या मोर्चाला नाव काय, तर सविनय कायदेभंग. याच सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरांत 1930 च्या मे महिन्यात सत्याग्रहींनी याच नावाखाली लाठ्या खाल्ल्या होत्या. शिरोड्याच्या आजोबांना हे सांगितलं तर ते काय म्हणतील ते छापण्यासारखं नाही. मालवणीत तर नाहीच नाही.

हसणं सोपं आहे. पण रस्त्यावरच्या मृत्यूंचा केंद्र सरकारचा 2022 चा अहवाल उघडला की हसू जागीच थांबतं. त्या एका वर्षात हेल्मेट न घातलेले 50,029 दुचाकीस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले लोक मेले. मोटारसायकल आणि सायकल यांत फरक आहे, वेगाचाही आणि हेल्मेटचाही. तरी डोकं तेच आहे.

खरं तर मोटारसायकलच्या हेल्मेटची कुळकथाच सायकलपाशी सुरू होते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स 1935 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून चालला होता. समोर दोन पोरं सायकलवर आली, त्यांना वाचवायला तो वळला, पडला आणि काही दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. महायुद्धात निरोप पोचवणारे शेकडो मोटारसायकलस्वार सैनिक डोकं फुटून मरताना त्यांनी पाहिले, अभ्यास केला, आणि 1941 पासून हेल्मेटचा धोशा लावला. ब्रिटनमध्ये मोटारसायकलवाल्यांना सक्ती आली 1973 साली. तोवर केर्न्स वारून वीस वर्षं झाली होती. सायकलवरच्या त्या दोन पोरांना मात्र आजही तिथे हेल्मेटची सक्ती नाही.

टपरीवर हेल्मेटच्या पक्षाचं पारडं हलकं पडू लागलं की कुणीतरी ठेवणीतलं अस्त्र काढतो. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगड. अफझलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असं सांगतात. मालवणसमोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे, त्यात शिवराजेश्वराचं देऊळ आहे. अशा मुलखात या मुद्द्यावर कोण काय बोलणार? सरसुद्धा गप्प होतात. मग मनातल्या मनात शब्द जुळवून हळूच म्हणतात, ‘‘ता खरा. पण महाराज रोज पाव आणूक नव्हते जात टोप घालून.’’

हा सरांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. गिअरच्या सायकलीवर चाळीसच्या वेगाने धामापूरचा उतार उतरणारा माणूस आणि बाजारात दहाच्या वेगाने बांगडा आणायला निघालेला माणूस हे एकाच वाहनावर असतात, एवढंच साम्य. डच माणूस दुसऱ्या प्रकारातला आहे. तो सपाट रस्त्यावर, वेगळ्या पट्टीवरून, ताठ बसून, छत्री धरून ऑफिसला जातो. तोच डच माणूस शर्यतीच्या सायकलवर बसला की निमूट हेल्मेट घालतो. हे ‘डचांकडे बघा’ म्हणणारे सांगत नाहीत, कारण त्यांनी डचांकडे अर्धंच बघितलेलं असतं.

शर्यतवाल्यांनीही ते काही सुखासुखी डोक्यावर घेतलं नाही. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने 1991 साली सक्ती करायची ठरवली, तेव्हा पॅरिस–नीस शर्यतीत सायकलपटूंनी संप केला आणि संघटनेने माघार घेतली. बारा वर्षांनी, 2003 च्या मार्चमध्ये, त्याच पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. दोन महिन्यांत सक्ती आली आणि या खेपेला संप झाला नाही. तरी सुरुवातीला एक पळवाट होतीच: शर्यतीचा शेवट लांब चढावर असेल तर त्या चढावर हेल्मेट काढायची मुभा. पुढे तीही गेली.

कोकणात ही मुभा अजून चालू आहे. चढ लागला की घामाने डोळे चुरचुरतात, मग हेल्मेट काढून हँडलला लटकवायचं. वर पोचलं की पाणी प्यायचं, दरीचा फोटो काढायचा आणि उतार लागला की सायकल सोडून द्यायची. हेल्मेट हँडललाच. सायकलचं हँडल उताराला किती सुरक्षित असतं, हे या रस्त्याने एकदा गेलं की कळतं. आणि उताराच्या तळाशी नेमकं वळण असतं, वळणावर जांभ्याची बारीक खडी सांडलेली असते, आणि खडीपलीकडे एक कुत्रा झोपलेला असतो. कोकणातले बहुतेक सायकलवाले डंपरखाली येत नाहीत. ते खडीवर घसरतात, पावसाळ्यात शेवाळावर घसरतात, कुत्र्याला चुकवताना पडतात. म्हणजे थर्माकोल ज्या पडण्यासाठी बनवलाय, नेमकं तसंच पडतात. हेल्मेटच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा असून टपरीवर तो कुणी मांडत नाही, कारण डंपरने उडवलं म्हणण्यात जी शान आहे ती कुत्र्याला चुकवताना पडलो म्हणण्यात नाही.

दुसरा मुद्दा बांबोळीचा. सिंधुदुर्गात माणसाच्या डोक्याला मोठा मार लागला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘‘बांबोळीक न्हेला काय?’’ गोव्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला आहे, मालवणाहून शंभरेक किलोमीटर. ॲम्स्टरडॅमचा माणूस डोकं आपटून रस्त्यात पडला तर घटकाभरात इस्पितळात असतो. देवबागचा माणूस तेवढ्या वेळात ॲम्ब्युलन्सला रस्ता समजावून सांगत असतो. तेव्हा डचांचं हेल्मेट न घालणं आयात करायचं असेल, तर त्यांचं इस्पितळही बोटीतून आणावं. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर ते इथे हेल्मेटच्या बाजूने झुकतं, आणि झुकतं ते अंतरामुळे.

मालवणच्या सगळ्यात जुन्या, मानाच्या शाळांतल्या एकीचं नाव टोपीवाला हायस्कूल. मुंबईच्या नायर इस्पितळाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचंही नाव टोपीवालाच. म्हणजे शिकायलाही टोपीवाला आणि डोकं फुटल्यावर शिवायलाही टोपीवाला. मधल्या रस्त्यापुरती तेवढी टोपी नको. तरी या शाळेच्या रस्त्यावर उभं राहून सायकलवरच्या मुलींना हेल्मेट घाला म्हणून ओरडायची हिंमत होत नाही. त्यांच्यापैकी कितीजणींना उद्या सायकलऐवजी एसटीची वाट बघत थांब्यावर उभं राहावं लागेल, हा ऑस्ट्रेलियाचा प्रश्न मग इथेही येऊन उभा राहतो. हजार-दीड हजारांचं हेल्मेट सायकलीबरोबर कुणी देत नाही.

मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत बसलं की नारिंगी लाइफ जॅकेट अंगावर चढवावं लागतं. पर्यटक ते घालतात, पट्टे आवळतात, फोटो काढतात. होडी चालवणारा मात्र काठावर एका पायावर उभा असतो, बनियनवर. त्याला विचारलं तर म्हणेल, ‘‘माका पोहूक येता.’’ हे खरं असतं. समुद्रावरच्या दुर्घटनांत पोहता येणारी माणसंही बुडतात, हेही खरं असतं. पण त्याच्याशी भर समुद्रात वाद घालायचा नाही, एवढी अक्कल पर्यटकाला असते, कारण होडी त्याच्या हातात आहे. टपरीवर कुणाच्याच हातात होडी नसते, म्हणून तिथे सगळे बोलतात.

डेन्मार्कच्या रस्ता सुरक्षा मंडळाने हा वाद ज्या युक्तीने हाताळला ती बघण्यासारखी आहे. 2021 च्या त्यांच्या जाहिरातीत एक व्हायकिंग योद्धा लुटालुटीच्या मोहिमेला निघालाय, घोड्यावर बसलाय, पण हेल्मेट घालायला तयार नाही. खाज सुटते, डोक्याला घट्ट होतं, वगैरे. अगदी टपरीवरचे मुद्दे. सगळी फौज त्याची समजूत घालते, तो ऐकत नाही. शेवटी बायको येते आणि विषय संपतो. ना आकडा, ना सिएटल, ना ऑस्ट्रेलिया.

आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांनी, म्हणजे ब्रेव्हेंनी, त्याहून साधी युक्ती काढली. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर ठरलेल्या वेळात मारायचे. हेल्मेट नसेल तर सुरुवातच करता येत नाही. तिथे हे सरही गुपचूप हेल्मेट घालतात. भाच्याचं असतं, एका बाजूला कलतं, पट्टा कानाला कापतो, पण घालतात. कारण तिथे त्यांना कुणी समजावत नाही. नियम आहे, पटला तर या. ज्या माणसाला पाच जणांनी मिळून तीन वर्षांत पटवता आलं नाही, त्याला अर्जातल्या एका ओळीने पटवलं.

टपरीवर अर्ज नसतो. म्हणून काही गटांनी आपापली तोड काढली आहे. स्वतःच्या डोक्याबद्दल हवं तितकं बोला. दुसऱ्याच्या डोक्याबद्दल जो बोलेल त्याने चहाचं बिल द्यायचं. नियम चांगला चालतो. पहिल्या रविवारी तुटलेल्या हेल्मेटवाल्याने सगळ्यांचं बिल दिलं, दुसऱ्या रविवारी डचांच्या वकिलाने. तिसऱ्या रविवारपासून मंडळी भाषा बदलून बोलू लागली. ‘‘माझ्या डोक्याचं म्हणणं असं आहे की समजा एखादा माणूस असला, साठीचा, शिक्षक…’’ यावर हे दुसऱ्याचं डोकं धरायचं की नाही, याचा निवाडा टपरीवाल्याने करायचा ठरलं. टपरीवाला बिल कुणाकडून येतं याची फिकीर करत नाही, त्याने दोन्ही बाजूंना दोषी ठरवलं आणि दुसरा घाणा टाकला.

इतक्यात एकाने नवीन सायकलला डाव्या हँडलवर बसवलेला आरसा दाखवायला काढला. मागची गाडी दिसते, मान वळवावी लागत नाही. सरांनी आरशात बघून मिशीवर बोट फिरवलं. पलीकडून कुणीतरी म्हणालं, आरसा लावणारा खरा सायकलवाला नव्हे. हेल्मेटं बाकड्यावर तशीच राहिली आणि टपरीवाल्याने न विचारता आणखी सहा कप मांडले.